कोणाकडे उतरलात?

मराठी साहित्यात कोकणात जाण्याची एक ठरलेली रीत आहे. निवेदक मुंबईहून किंवा पुण्याहून निघतो, बोटीने वा एस.टी.ने खाड्या आणि घाट ओलांडतो, आणि दिवेलागणीच्या सुमाराला मामाच्या नाहीतर मावशीच्या अंगणात पोचतो. पाय धुवायला पाणी येते. मग जांभ्या दगडाची पाखाडी, आगरातला रहाट, माडांची सळसळ, रात्रभर ऐकू येणारी समुद्राची गाज असे सगळे क्रमाने येत राहते. चार दिवसांनी निरोपाच्या वेळी कोणीतरी आमसुलांची पुडी पिशवीत घालते आणि लेख संपतो. या प्रकारचे लेखन वाईट असते असे मला म्हणायचे नाही. त्यातले काही फार चांगले आहे, आणि वर्गात ते शिकवताना माझ्याही डोळ्यांपुढे ते आगर उभे राहते. परंतु वर्षानुवर्षे ते शिकवल्यावर एक गोष्ट जाणवू लागते. या सर्व लेखनातले गाव पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहिलेले असते, आणि आपल्याला पाहुणा होता आले कसे, हा प्रश्न पाहुणा स्वतःला कधीच विचारत नाही. कोणीतरी दार उघडले म्हणून तो आत आला. या दाराला स्वतःचा एक इतिहास आहे, आणि प्रस्तुत लेख त्याविषयी आहे.

आम्हा खानदेशातल्या लोकांना हा प्रश्न सुचणे थोडे सोपे जात असावे. पाचोऱ्याहून समुद्र फार दूर. इथे हिवरा आहे, पलीकडे गिरणा आहे, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. कापूस, केळी, ज्वारी यांच्या हिशेबात वर्ष सरते. कोकणात आजोळ असणारी मुले माझ्या वर्गात अपवादानेच सापडतात. त्यांच्यापैकी बहुतेकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो पुस्तकात, आणि ते पुस्तक बहुधा 'श्यामची आई'. साने गुरुजींना आम्ही आमचे मानतो, कारण १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि पुढेही त्यांचे पुष्कळसे आयुष्य खानदेशात गेले. पण ते मूळचे दापोली तालुक्यातल्या पालगडचे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकात 'लाडघरचे तामस्तीर्थ' नावाचे एक प्रकरण आहे. तांबूस पाण्याचा तो किनारा आमच्या कित्येक पिढ्यांचा पहिला समुद्र आहे.

लाडघरच्या उत्तरेला कर्दे, आणि कर्द्याला लागून मुरूड. (रायगड जिल्ह्यातले, जंजिऱ्याशेजारचे मुरूड वेगळे. इथे अभिप्रेत आहे ते रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातले, हर्णै बंदराजवळचे मुरूड.) रम्य गाव कसे असावे याचा नमुना म्हणून दाखवावे असे हे गाव. मधून सरळ रस्ता, दोन्ही अंगांना एकाच शिस्तीत लावलेली घरे, घरामागे नारळी-पोफळीची आगरे, आगरांच्या पलीकडे सुरूची झाडे आणि मग लांबलचक पुळण. गावात दुर्गादेवीचे जुने देऊळ. हर्णैला सुवर्णदुर्ग, वाटेत आसूदच्या डोंगरात केशवराजाचे मंदिर. कोकणातली बरीचशी गावे उतारावर जशी जमेल तशी पसरलेली दिसतात. मुरूड मात्र कोणी कागदावर रेघा मारून मग वसवावे तसे दिसते. हा नुसता भास नाही. हे गाव नव्याने कसे वसवले गेले याची हकीकत सांगणारा एक जुना दस्तऐवज होता, आणि त्यावर १८६५ च्या सुमारास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात एक प्रबंध प्रसिद्ध झाला. लेखक रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक, ज्यांचा जन्म १८३३ साली याच गावात झाला होता.

एका खेड्याच्या स्थापनेवर, त्याच खेड्यात जन्मलेल्या माणसाने, इंग्रजी विद्वत्सभेपुढे प्रबंध मांडावा ही घटना मला फार लक्षणीय वाटते. मंडलिक मुंबईतले नामांकित वकील. १८६४ साली त्यांनी 'नेटिव्ह ओपिनियन' सुरू केले, आणि १८८० चा त्यांचा हिंदू कायद्यावरचा ग्रंथ न्यायालयांत प्रमाण मानला जाई. गावातून बाहेर पडलेला हा पहिला मोठा माणूस गावाकडे वळून पाहतो तो दस्तऐवजाच्या रूपाने: कोणी वसवले, जमीन कशी वाटली, कोणाला कोणता मान मिळाला. जे गाव आखून वसवले जाते त्यात कोणी कुठे राहायचे हेही आखलेले असते. मुरूडच्या सरळ रस्त्याचे कौतुक करताना ही गोष्ट आपण सहसा विसरतो.

मुरूडचा दुसरा मोठा माणूस धोंडो केशव कर्वे. जन्म १८ एप्रिल १८५८, आजोळी शेरवलीला, बालपण मुरूडला. कर्व्यांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यातले मुरूड निसर्गरम्य वगैरे नाही. ते काटकसरीचे, सोवळ्या-ओवळ्याचे, शिकण्यासाठी धडपडणाऱ्या मुलांचे गाव आहे. सोमण गुरुजींसारखे शिक्षक तिथे होते, ज्यांच्या प्रभावाखाली हा लाजाळू मुलगा गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. आणि त्या गावातून बाहेर पडायची वाट किती अवघड होती हे सांगणारा एक प्रसंग तर मराठी आत्मचरित्रांत अजोड आहे. १८७५ साली, सतराव्या वर्षी, सरकारी नोकरीसाठी लागणारी परीक्षा द्यायची होती. पावसाळ्याचे दिवस, समुद्र खवळलेला, बोटीचा भरवसा नाही. तेव्हा सोबत्यांबरोबर हा मुलगा मुरूडहून साताऱ्याला पायी निघाला. कुंभार्ली घाटाने सुमारे ११० मैल, म्हणजे आजच्या हिशेबाने पावणेदोनशे किलोमीटर. साताऱ्याला पोचल्यावर परीक्षकांनी त्याच्या अंगकाठीकडे पाहिले आणि हा लहान दिसतो म्हणून परीक्षेलाच बसू दिले नाही. वयाचा दाखला उपयोगी पडला नाही. पुढच्या वर्षी त्याने ती परीक्षा कोल्हापूरला दिली.

आज मुंबईहून सकाळी निघालेला प्रवासी दुपारी मुरूडच्या पुळणीवर मासे खात असतो. त्याला हा भूगोल उलटा करून पाहणे जड जाते. एकोणिसाव्या शतकात कोकणपट्टीचे तोंड समुद्राकडे होते. बोट हर्णैला दूर उभी राही, आणि माणसे पडावातून किनाऱ्याला लागत. जूनमध्ये समुद्र बंद झाला की नारळी पौर्णिमेपर्यंत गाव एकटे पडे. जे गेले ते मुंबईला गेले, आणि ते मनिऑर्डरीने परत येत राहिले. कर्वेही असेच गेले. १८८१ ला मॅट्रिक, १८८४ ला बी.ए., मग मुंबईत शिकवण्या आणि शाळांतून गणित शिकवणे. गावाशी नाते सुटले नाही, उलट ते संघटित झाले: १८८६ साली त्यांनी 'मुरूड फंड' सुरू केला. मिळवणाऱ्याने आपल्या मिळकतीतून गावासाठी काही बाजूला काढावे, त्यातून गावाची कामे व्हावीत, अशी ही साधी योजना. चाकरमान्यांची ग्रामविकास मंडळे विसाव्या शतकात मुंबईच्या चाळीचाळींतून निघाली. हा फंड त्यांचा एक पूर्वज म्हणता येईल. इथपर्यंत कर्वे हे मुरूडचे आदर्श पुत्र होते.

१८९१ साली दोन गोष्टी घडल्या. पत्नी राधाबाई वारल्या, आणि कर्वे पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. दुसरे लग्न करायचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. मुंबईत ज्यांच्याबरोबर ते राहिले होते त्या नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई देवरुखची. आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' उघडले, तेव्हा तिथे शिकायला आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी हीच. सदन पुढे पुण्याला हलले. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, पुण्यात धोंडोपंत आणि गोदूबाई यांचा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. घरात आणि पुढे सर्वत्र त्या 'बाया कर्वे' म्हणून ओळखल्या गेल्या.

लग्नानंतर कर्वे पत्नीला घेऊन मुरूडला गेले. थोड्या दिवसांसाठी, आई आणि भावाला भेटायला. मराठी ललित निबंधात शेकडो वेळा आलेला हाच तो प्रवास. किनाऱ्यावरचे आपले गाव, आपली माणसे, चार दिवसांचा मुक्काम. गावाने सभा भरवली आणि ठराव केला. ठरावाचा मुख्य रोख असा, की कर्व्यांना घरात थारा दिला तर घरच्यांवरही बहिष्कार पडेल.

या ठरावाच्या रचनेकडे बारकाईने पाहिले पाहिजे. कर्व्यांना शिक्षा करण्याचा फारसा उपयोग नव्हता. ते पुण्यात प्राध्यापक होते, त्यांचा पगार गावावर अवलंबून नव्हता, लग्न १८५६ च्या कायद्याने वैध होते. कायद्याच्या दृष्टीने गाव त्यांचे काहीही वाकडे करू शकत नव्हते. म्हणून गावाने शिक्षा ठेवली ती यजमानाला. आईने मुलाला जेवायला वाढले तर आई वाळीत, भावाने ओटीवर घेतले तर भाऊ वाळीत. पाण्याची विहीर, लग्नकार्य, श्राद्धाचे ब्राह्मण, पोरीबाळींची सोयरीक, हे सारे ज्यांना रोज त्याच रस्त्यावर राहून निभवायचे होते त्यांच्यावर हा भार टाकला गेला. आतिथ्य हा आपल्या संस्कृतीचा गौरवविषय. त्याच आतिथ्याला गावाने हत्यार केले. 'अतिथी देवो भव' म्हणणाऱ्या परंपरेत अतिथी कोणाला म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार मात्र यजमानाकडे नव्हता, तो जातीच्या सभेकडे होता.

त्या काळाच्या संदर्भात यात अपूर्व असे काही नव्हते. 'ग्रामण्य' हा शब्द आज आपल्याला कोशात पाहावा लागतो, तेव्हा तो रोजच्या बोलण्यातला होता. विष्णुशास्त्री पंडित यांच्या पुढाकाराने १८६९ साली मुंबईत झालेल्या पुनर्विवाहानंतर त्यात सामील झालेल्यांवर बहिष्कार पडला होता. १८९० च्या पंचहौद मिशनमधल्या चहाचे प्रकरण तर सर्वश्रुत आहे. एक पेला चहासाठी पुण्यातली थोर मंडळी वादात सापडली, आणि १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. रानड्यांच्या त्या निर्णयावर आपल्याकडे पुष्कळ टीका झाली. मुरूडची गोष्ट शेजारी ठेवून पाहिली तर ती टीका थोडी सौम्य व्हावी असे मला वाटते. घरातल्या माणसांना ओलीस धरणारी ही यंत्रणा किती कार्यक्षम होती याचा अंदाज आपण आज फक्त तर्काने करू शकतो.

इथे एक शब्द थांबवून तपासला पाहिजे. आपण सहज म्हणतो, 'गावाने ठराव केला'. कोणते गाव? मुरूड-हर्णैच्या किनाऱ्यावर कोळी होते, भंडारी होते, डोंगराच्या बाजूला कुणबी होते, गावाच्या कडेला महारवाडा होता. यांपैकी बहुतेकांना विधवेच्या लग्नाचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. हा मुद्दा मला पुस्तकातून सुचलेला नाही, तो वर्गातून आला. पाचोऱ्याच्या आमच्या वर्गात सुधारणाकाळ शिकवताना विधवाविवाहाच्या चळवळीवर मी जरा गंभीर होऊन बोलत होतो, तेव्हा एका शेतकरी घरातल्या मुलीने अगदी निरागसपणे विचारले, "पण सर, आमच्याकडे तर पाट लावतातच. मग एवढं भांडण कशाचं?" प्रश्न योग्य होता. पाट, मोहोतर, गंधर्व अशा नावांनी हा व्यवहार महाराष्ट्रातल्या बहुसंख्य जातींत चालत आलेला होता. त्याला पहिल्या लग्नाचा मान नसे, तो बहुधा रात्री, गाजावाजा न करता लागे, अशा बाईला काही मंगलकार्यांत पुढे येऊ देत नसत; त्यामुळे त्याचे उगाच उदात्तीकरण नको. तरीही दार बंद नव्हते. तेव्हा मुरूडला ज्या गावाने सभा भरवली ते गाव म्हणजे आगरे, देऊळ आणि मानपान ज्यांच्याकडे होते त्यांचे गाव. बाकीचे गाव त्या ठरावात बोललेले नाही. आपल्या वाङ्मयेतिहासात 'कोकणातले गाव' म्हणून जे उभे राहते ते पुष्कळदा हेच छोटे गाव असते, आणि त्यातून बाहेर ठेवलेला पाहुणासुद्धा त्याच छोट्या गावातला असतो. ज्यांना त्या ओटीवर कधीच बोलावणे नव्हते त्यांचा तर यात प्रश्नच उपस्थित होत नाही. दापोलीच्या छावणीत निवृत्त लष्करी कुटुंबांमध्ये डॉ. आंबेडकरांच्या बालपणाची काही वर्षे गेली, ती याच परिसरात. मुरूडपासून ते अंतर काही मैलांचेच आहे.

कर्व्यांनी या बहिष्काराला उत्तर दिले ते कामाने. १८९३ च्या अखेरीस विधवाविवाहोत्तेजक मंडळी, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, १९०० मध्ये हिंगण्याची झोपडी, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. हा सर्व भाग पाठ्यपुस्तकांत आहे, इथे विस्तार नको. साहित्याच्या विद्यार्थ्याने पाहायचे ते वेगळे आहे. 'आत्मवृत्ता'त हे प्रसंग ज्या स्वरात येतात तो स्वर. गणिताच्या प्राध्यापकाने उदाहरण सोडवून दाखवावे तसे ते लिहितात; स्वतःवर झालेल्या अन्यायाची हकीकतही हिशेबाच्या वहीसारखी, आणि गावाविषयी कडवटपणा जवळपास नाहीच. बाहेर घालवलेल्या माणसाने घालवणाऱ्या गावावर एवढ्या शांतपणे लिहावे याचे आश्चर्य वाटते, आणि मला तर कधीकधी त्या शांतपणाचा रागही येतो. ही संयमी शैली एका अर्थाने पुरुषाची चैन आहे. त्यांना फर्ग्युसनला जायचे होते, आश्रम काढायचा होता; मुरूड त्यांच्या आयुष्याचा एक भाग होता.

म्हणून त्याच्या शेजारी 'माझे पुराण' ठेवायला हवे. आनंदीबाईंच्या आठवणींचे हे पुस्तक १९४४ साली आले. त्या सांगत गेल्या आणि सून कावेरीबाईंनी ते सिद्ध केले. हे बोललेले गद्य आहे. वाक्ये माजघरातली आहेत, लेखनाच्या टेबलावरची नाहीत. बाया फार कौतुक करत नाहीत आणि फार क्षमाही करत नाहीत. पतीने जवळचा पैसा आश्रमाला देऊन टाकला म्हणून संसारात काय काय झाले, हे त्या स्पष्ट सांगतात. नागपूरला जाऊन आपण सुईणीचे शिक्षण का घेतले, हेही. थोर पुरुषाच्या घरात भाकरी कोण थापत होते ते इथे कळते. बहिष्कार हा शब्द इतिहासात ठराव, सभा, शास्त्रार्थ अशा रूपात येतो; प्रत्यक्षात तो चुलीपाशी घडतो. कोणाच्या हातचे पाणी, कोणाच्या ताटाला ताट, कोणाच्या मुलाला कोणाच्या मुलाशेजारी बसवायचे. हा सगळा व्यवहार बायकांच्या हातून होत असल्यामुळे त्याची खरी नोंद बायकांच्याच पुस्तकांत सापडते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'विषयी आपण हे मान्य केले आहे. आनंदीबाईंच्या पुस्तकाला मात्र 'कर्व्यांच्या पत्नीचे' या विशेषणातून आपण अजून मोकळे केलेले नाही.

या सगळ्याचा विचार करण्यास मला एक घरगुती निमित्तही आहे. माझ्या आतेबहिणीचे सासर याच किनाऱ्यावर, हर्णैच्या अलीकडे. दिवाळीच्या सुटीत चार दिवस तिच्याकडे गेलो होतो. पाचोऱ्याहून रात्रीच्या गाडीने कल्याण, मग पनवेल, आणि तिथून महाड-खेडमार्गे दापोली. कोकण रेल्वे १९९८ पासून आहे, पण खानदेशातून येणाऱ्याला ती आडवळणाची पडते. बहिणीने खानदेशी मसाला आणि कळण्याचे पीठ आणायला बजावले होते. पंचवीस वर्षे झाली तरी तिला तांदळाच्या भाकरीने पोट भरल्यासारखे वाटत नाही. तिच्या आगरात फिरताना मधली मोकळी जागा दिसली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या झाल्या, त्यात तिच्याही पोफळी गेल्या. नवीन लावलेल्या अजून हाताला आलेल्या नाहीत. वाटेत दोनतीन जणांनी मला विचारले, "कोणाकडे उतरलात?" नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. मी बहिणीला हे सांगितले तर ती म्हणाली, "दादा, इथे आधी तेच विचारतात. कोणाकडे आलास ते कळलं की बाकीचं त्यांना कळतं. मी नवीन होते तेव्हा मलाही राग यायचा. आता मीही विचारते."

प्रश्न साधा आहे, आपुलकीचाही आहे. परक्याला वाट दाखवायची असते, म्हणून तो विचारला जातो. परंतु ज्या रस्त्यावर कर्व्यांना आणि बायांना या प्रश्नाचे उत्तर देता येत नव्हते, त्याच्या जवळपास तो ऐकताना मी क्षणभर थबकलो, हे खरे. आता पुष्कळांचे उत्तर एखाद्या रिसॉर्टचे किंवा 'घरगुती राहण्या-जेवण्याची सोय' अशा पाटीचे असते. पैसे मोजून उतरणाऱ्याला कोणी वाळीत टाकू शकत नाही. पर्यटनाने कोकणच्या ओटीचे काय केले यावर हळहळणारे लेख आपण वाचतो. त्यात ही एक जमेची बाजू नोंदवलेली मला आढळली नाही.

बहिष्काराची गोष्ट १८९३ ला संपली असेही नाही. मुंबई राज्याने १९४९ साली जातिबहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला. तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांच्या अर्जावर, घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर अर्धशतक महाराष्ट्रात या विषयावर स्वतंत्र कायदा नव्हता. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा नवा कायदा विधिमंडळाने २०१६ साली मंजूर केला आणि तो २०१७ मध्ये अमलात आला. त्याआधीची काही वर्षे रायगड-रत्नागिरी पट्ट्यातून वाळीत टाकल्याच्या बातम्या सातत्याने येत होत्या, आणि त्या कायद्यामागच्या रेट्यात त्यांचा मोठा वाटा होता. हे खटले बहुतेक वेगळ्या जातींतले, कारणेही वेगळी; पण रीत तीच. बोलले तर दंड, पाणी दिले तर दंड, घरी गेले तर दंड. शिक्षा यजमानाला.

कथात्म साहित्याने ही रीत ओळखली होती. मुरूडहून दापोलीकडे जाताना लागणारे आसूद आणि शेजारची मुर्डी हा श्री. ना. पेंडसे यांचा प्रदेश. त्यांचा जन्म मुर्डीचा, १९१३ चा. लहानपणीच ते मुंबईला गेले आणि लिहीत राहिले ते या डोंगरांविषयी. 'गारंबीचा बापू' (१९५२) आपण प्रादेशिक कादंबरी म्हणून शिकवतो, आणि प्रादेशिक म्हटले की निसर्ग, बोली, व्यक्तिवैशिष्ट्ये अशा कप्प्यांत उत्तर लिहायला लावतो. पण बापू आणि राधा गावाच्या नाकावर टिच्चून एकत्र राहतात, हा त्या कादंबरीचा कणा आहे. बापू पळून जात नाही, गावातच राहून गावाला वाकवतो. कर्व्यांना जे जमले नाही, किंवा त्यांनी जे करायचे नाकारले, ते बापू करतो. दोन्ही ठिकाणे एका दुपारच्या चालीच्या अंतरात आहेत. पेंडश्यांच्या मनात कर्वे होते असा दावा मी करत नाही. त्या मातीत हा प्रश्न होता, एवढेच.

आणखी एक नाव या गावाचे आहे. १४ जानेवारी १८८२ रोजी धोंडोपंत आणि राधाबाईंना मुरूडला मुलगा झाला, तो रघुनाथ. वडिलांचे दुसरे लग्न झाले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. हाच पुढे १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवत राहिला आणि अश्लीलतेच्या खटल्यांत दंड भरत राहिला. र. धों. कर्व्यांच्या लेखनात कोकणची वर्णने शोधायला जाऊ नये.

यंदा ललित निबंधाच्या तासाला नेमलेल्या कोकणवर्णनाबरोबर 'माझे पुराण'ची काही पाने झेरॉक्स करून वर्गात वाटायचे ठरवले आहे. ती अभ्यासक्रमात नाहीत, त्यावर प्रश्न येणार नाही, हे मुलांना आधीच सांगेन. पाटाचा प्रश्न विचारणारी ती मुलगी आता एम.ए.ला आहे, त्या तासाला येऊन बसू का, असे तिने विचारले आहे.